‘काही करत नाही ओ तो’ म्हणणाऱ्या बेळगावकरांना

सप्रेम नमस्कार.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ, शहापूर, वडगाव, कॅम्प, हनुमाननगर आणि आता शहराला येऊन भिडलेल्या पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, काकतीपर्यंतच्या समस्त कुत्रेवाल्यांना हे पत्र लिहिते आहे. मी तुमच्यातलीच एक. आमच्या घरी तांबू आहे. गावठी, एक कान उभा, एक पडलेला. रविवारी मटणवाल्याकडून त्याच्यासाठी वेगळी पिशवी येते आणि त्यावरून घरात काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला विचारा. तेव्हा कुत्र्यांचा दुस्वास करणाऱ्या कुणीतरी हे लिहिलंय असं म्हणून पत्र बाजूला सारू नका.

मोकाट कुत्र्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. पेपरात पत्रं येतात, सभांमध्ये आवाज चढतात, कुठे लहान मूल चावलं गेलं की आठवडाभर सगळं शहर त्यावरच बोलतं. ते बोलणं गैर नाही. पण त्या गदारोळात गळ्यात पट्टा असलेली कुत्री आणि त्या पट्ट्याचं दुसरं टोक ज्यांच्या हातात असायला हवं ती माणसं अलगद सुटतात. हे पत्र त्यांना आहे.

सकाळी काँग्रेस रोडला किंवा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. कुत्रा मोकळा पुढे धावत असतो, मालक पन्नास पावलं मागे, मोबाइल कानाला. समोरून येणाऱ्या आजी थबकतात, पदर सावरतात, भिंतीला चिकटतात. आणि मागून आवाज येतो, “भिऊ नका ओ, काही करत नाही तो!” म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरंच वाटतं की आपण धीर दिला.

तो काही करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तो तुमच्या सोफ्यावर झोपतो. आजींना ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची जबाबदारी त्यांची नाही. कदाचित त्यांना लहानपणी कुत्रा चावला असेल आणि त्या काळातली पोटातली चौदा इंजेक्शनं त्यांनी सोसली असतील. कदाचित गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल आणि लॅब्राडॉरने नुसतं प्रेमाने अंगावर उडी मारली तरी त्या पडतील. ३० किलोचं प्रेम सत्तरीच्या माणसाला झेपत नाही. आणि यातलं काहीच नसलं, नुसती भीती वाटत असली, तरी पुरे आहे. सार्वजनिक रस्त्यावर भिणाऱ्याचा हक्क पहिला, कुत्रा फिरवणाऱ्याचा त्याच्या नंतरचा. मला एवढंच म्हणायचं आहे. बाकीचं सगळं याच्याच आसपासचं आहे.

कुणाला सवड आहे भीती सोसायची, याचाही विचार करा. आपण मैदान बदलू शकतो, वेळ बदलू शकतो. पहाटे रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिक बायकांना गल्ली बदलता येत नाही. पेपर टाकणारी पोरं, दूधवाला, घरोघरी धुणी-भांडी करणाऱ्या मावशी, पार्सल घेऊन येणारा, मीटर वाचायला येणारा, या सगळ्यांना आपल्या फाटकापाशी यावंच लागतं. त्यांच्यातलं कुणी तक्रार करत नाही, कारण आपण गिऱ्हाईक असतो किंवा मालक असतो. ती गप्प आहेत म्हणून त्यांना चालतंय असं समजू नका.

शेपूट हलवतो म्हणजे खूश आहे, हाही एक आपला लाडका गैरसमज. सैल, कमरेसकट हलणारी शेपूट निराळी आणि ताठ, उंच धरून झपझप हलणारी निराळी. दुसऱ्या प्रकारात कुत्रा सावध झालेला असतो, पुढे काय करायचं ते त्याचं ठरायचं असतं. कान मागे, तोंड एकदम मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, पुन्हापुन्हा जीभ ओठांवरून फिरतेय, झोप नसताना जांभया येताहेत, ही सगळी तो अस्वस्थ असल्याची चिन्हं. बरेच चावे ‘अचानक’ वाटतात ते ही चिन्हं कुणी वाचली नाहीत म्हणून. आणि भ्यालेला माणूस नेमकं तेच करतो ज्याने कुत्रा पेटतो: हात वर करतो, ओरडतो, पळतो. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. तुमच्या ब्रुनोने आजवर कुणाला चावलं नाही याचा अर्थ एवढाच की ती वेळ त्याच्यावर आलेली नाही.

म्हणून दोरी. घराच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की दोरी, आणि ती चार-सहा फुटांची. ती स्प्रिंगची लांबलांब होत जाणारी बारीक दोरी रस्त्यावर नकोच. दुसऱ्या रेल्वे गेटपाशी, सकाळच्या शाळेच्या गर्दीत, कुत्रा एका कडेला आणि मालक दुसऱ्या कडेला, मधे ती न दिसणारी तार आणि तिच्यावर येणारी स्कूटर, असा देखावा पाहिलाय मी. दैव बलवत्तर म्हणून सगळे उभे राहिले. आणि दोरी अशा हातात हवी जो हात कुत्र्याला थांबवू शकेल. ४० किलोचा रॉटवायलर चौथीतल्या मुलाच्या हातात देऊन त्याचा फोटो काढायचा हौशी प्रकार बंद करा. त्या फोटोत कोण कुणाला फिरवतंय ते लांबूनही कळतं.

इथे कुणीतरी म्हणेल, मग अशा जातींवर बंदीच घाला. तो प्रयत्न होऊन गेला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींबाबत परिपत्रक काढलं आणि पुढच्याच महिन्यात आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. मला स्वतःला जातीच्या वादात रस नाही. पॉमेरेनियनने घोट्याचा लचका तोडलेला मी पाहिलाय आणि लहान पोरांनी कान ओढले तरी न हलणारा डॉबरमनही. प्रश्न दोरी धरणाऱ्याचा आहे. कायद्यालाही तेच वाटतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आजवर कधी असं केलं नव्हतं’ यावर त्यात सूट लिहिलेली नाही.

आता घाणीचं. हा विषय चारचौघांत काढायला नको वाटतो, म्हणूनच तो रस्त्यावर पडून राहिलाय.

व्हॅक्सिन डेपोचं नाव ज्या संस्थेवरून पडलं तिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. देशात ती मोजक्या चार ठिकाणी होत असे, त्यातलं एक आपलं बेळगाव. देवी गेली, जगातून गेली, १९८० साली तसं जाहीरही झालं. आणि आज त्याच आवारातल्या मैदानावर, जिथे पोरं क्रिकेट खेळतात, अनवाणी पळतात, योगाच्या चटया अंथरल्या जातात, तिथे आपण कुत्र्यांना ‘मोकळं’ व्हायला नेतो आणि झालं की आभाळाकडे बघत पुढे चालू लागतो. कुत्र्याच्या विष्ठेत हुकवर्म आणि गोलकृमी या जंतांची अंडी असू शकतात. ओल्या, सावलीतल्या मातीत हुकवर्मच्या अळ्या होतात आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. गोलकृमीची अंडी लहान मुलांच्या मातीच्या हातांतून पोटात जातात. पार्वो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू तर महिनोन्‌महिने जमिनीत टिकतो. म्हणजे तुमच्या लस झालेल्या कुत्र्याला काही होत नाही, आणि पुढच्या गल्लीतल्या कुणाचं दोन महिन्यांचं पिल्लू रक्ताची जुलाब होऊन चार दिवसांत जातं. आपल्याकडचा पाऊस काही दोन सरींचा नसतो. जून ते सप्टेंबर जे मैदानावर पडतं ते वाहून गटारात आणि गटारातून पुढे जातं, जागच्या जागी ‘खत’ होत नाही. ‘खतच की ते’ म्हणणारेही भेटतात. गाईचं शेण आणि मांस खाणाऱ्या जनावराची विष्ठा यात फरक आहे. दुसरीने कुणी अंगण सारवत नाही.

उपाय अगदी साधा आहे. कालचा पेपर घ्या, कुठला ते तुमच्या राजकारणावर सोपवते. दोन पानं खिशात, कुत्रा बसला की खाली सरकवायची, गुंडाळायचं, घरी नेऊन संडासात टाकायचं आणि पाणी सोडायचं. बाग असेल तर झाडांपासून लांब, भाजीच्या वाफ्यापासून तर फारच लांब, खोल खड्ड्यात पुरायचं. ओल्या कचऱ्यात मिसळून घंटागाडीत द्यायचं नाही, कारण पुढे तो कचरा कुणीतरी हाताने निवडतं. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या कर्नाटकात २०१६ पासून बंद आहेत, तेव्हा ‘पिशवी नव्हती’ हे कारण चालणार नाही. ती नसायलाच हवी.

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांमध्ये हा प्रश्न अजून अवघड होतो. तिथे घराचा उंबरा आणि रस्ता यांत हातभराचं अंतर. मागाचा खडखडाट सुरू व्हायच्या आधी बायका सडा घालून रांगोळी काढतात, आणि साडेसहाच्या सुमारास कुणाचा तरी हौशी कुत्रा नेमका त्याच रांगोळीपाशी पाय वर करतो. मालकाला दोरी दोन फूट ओढून त्याला पुढे नेणं जमत नाही का? लोकांच्या गाड्यांची चाकं, तुळशीकट्टा, देवळाची पायरी, बाजारात जमिनीवर मांडलेले भाजीचे वाटे, यातलं काही तुमच्या कुत्र्याचं नाही. फिरायला निघण्याआधी त्याला स्वतःच्या आवारात नेऊन वाट बघितली, तर बहुतेक कुत्री आठवडाभरात शिकतात. आपणच कंटाळतो.

पाट्यांचंही एक सांगते. आपल्या शहरात पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून काय काय झालंय ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. पण ‘कुत्रा दोरीत ठेवा, घाण उचला’ अशी पाटी, कन्नडमध्ये म्हणा, मराठीत म्हणा, मला आमच्या भागात एकाही मैदानावर आढळली नाही. त्या एका पाटीपुरतं तरी सगळ्यांचं एकमत व्हायला हरकत नसावी. कन्नडभाषक शेजाऱ्यांची कुत्रीही आमच्या कुत्र्यांसारखीच वागतात, असं माझं निरीक्षण आहे.

रेबीजवर जरा थांबते, कारण इथे चूक परवडत नाही. लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. आणि वेळेवर लस घेतली तर हा रोग पूर्ण टाळता येतो. जगात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के वेळा तो कुत्र्याकडून येतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, नंतर दर वर्षी. कार्ड घरात शोधावं लागेल असं ठेवू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ‘आमचा घरातच असतो, त्याला कशाला लस’ हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या घरांत ऐकलंय. घरातला कुत्रा फाटकातून नाक बाहेर काढतो, आणि बाहेरचं पिल्लू फटीतून आत येतं. एवढं पुरतं.

आणि तुमचा कुत्रा कुणाला चावलाच तर? आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया वादाची असते. “चावला कुठं, नखच लागलंय.” नख लागून रक्त आलं तरी ती जखमच, आणि तिच्यावर उपचार हवेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण ती फार लांब वाटतात. वर हळद, चुना, तिखट, कॉफी पूड असलं काही भरायचं नाही. अमक्या गावचा झाडपाला, तमक्याचा मंत्र, यात एक दिवसही घालवायचा नाही. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचं सरकारी आरोग्य केंद्र गाठायचं. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी असते. जखम खोल असेल, रक्त आलेलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, द्यावं लागतं. ते नुसत्या लसीत येत नाही, तेव्हा डॉक्टरांना मुद्दाम विचारा. मालक म्हणून तुमचं काम असं: स्वतः बरोबर जा, कुत्र्याचं लसीचं कार्ड दाखवा, खर्च करा, सगळे डोस पूर्ण होईपर्यंत विचारपूस करा. कुत्र्याला मारू नका, हाकलून देऊ नका, गावी पाठवू नका. त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं असतं. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात. पण ते कळेपर्यंत माणसाची लस थांबवायची नाही. चावणाऱ्या कुत्र्याला रातोरात ‘गायब’ करणारे मालक समोरच्याची ही माहितीच काढून घेतात, आणि त्या घराला महिनाभर धास्तीत ठेवतात.

दोरीबद्दल एवढं बोलले, आता साखळीबद्दल. काही घरांत कुत्रा सकाळी एकदा सुटतो, काही घरांत तोही नाही. जिन्याखाली, पाण्याच्या मोटरीशेजारी, तीन फुटांच्या साखळीवर. वर पुन्हा अभिमान, “राखणीला ठेवलाय, कुणाला जवळ येऊ देत नाही.” खानापूर-जांबोटी भागात मळ्यावर राखणीचे कुत्रे असतात, पण ते रात्री रानभर फिरतात, जिन्याखालच्या कुत्र्याची आणि त्यांची बरोबरी नको. सतत बांधलेला कुत्रा राखण करत नाही, तो खुळा होतो. मग ज्या दिवशी साखळी निसटते त्या दिवशी तो समोर येईल त्याला धरतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, आखूड किंवा जड साखळीवर अवाजवी वेळ बांधणं आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, हे दोन्ही स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, १९६० च्या भावाने. तेवढ्यात हल्ली त्याच्या आवडीच्या बिस्किटांचा पुडाही येत नाही.

या निमित्ताने मुधोळविषयी. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं हे आपलं वैभव. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, वाढवली. पलीकडे महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर ती आली, लष्कराने प्रशिक्षणासाठी पिल्लं नेली, तिम्मापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. आणि आता ती तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवरच्या घरात, पोर्चमध्ये, बुलेटशेजारी शोभेला बांधली जाते. मुधोळ वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा कुत्रा. लांबवर मांजर, शेळी, ससा काही हललं की तो सुटतो, आणि सुटल्यावर तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्याला रोज दौड लागते. ती द्यायला तुमच्याकडे वेळ आणि बंदिस्त जागा नसेल तर अभिमान तिकिटावरच्या चित्राचा बाळगा. सायबेरियन हस्कीवाल्यांना तर मी एप्रिलमध्ये एकदा दुपारी अनवाणी डांबरावर उभं राहायला सांगणार आहे. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर त्याचे पायही तिथे भाजतात.

रात्रीचं भुंकणं थोडक्यात. शनिवार-रविवार गोव्याला जाताना कुत्रा गच्चीवर बांधून, पाण्याची बादली ठेवून जाणाऱ्यांनो, तो दोन रात्री रडतो आणि ते सगळी गल्ली ऐकते. शेजारी तुम्हाला सोमवारी काही बोलत नाहीत, कारण त्यांना तुमच्याशी संबंध ठेवायचे असतात. सोय करता येत नसेल तर गोवा कुठे पळून जात नाही.

आता भाद्रपद. या महिन्यातल्या कुत्र्यांवरून आपल्या भाषेत म्हणी आहेत, त्या इथे लिहीत नाही. पण पावसाच्या शेवटाला जे रस्त्यावर दिसतं त्यातून दोन महिन्यांनी, दिवाळीच्या पुढेमागे, पिल्लं होतात. ती सगळी भटक्यांचीच असतात असं नाही. रात्री जेवण झालं की फाटक उघडून ‘जा रे फिरून ये’ म्हणत सोडलेल्या आपल्या नरांचा त्यात वाटा असतो, आणि आपल्या माद्यांची पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडणारे हातही आपलेच असतात. नसबंदी करून घ्या. ‘एकदा तरी आई होऊ दे बिचारीला’ ही माया पुढे सहा पिल्लांची वाट लावते. आणि हौसेने पिल्लं विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत: पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जनावर वाऱ्यावर सोडून देणंही १९६० च्याच कायद्याने गुन्हा आहे.

मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणारे आपल्यातच जास्त, म्हणून तेही. घाला, जरूर घाला. पण दुसऱ्याच्या दारात नको, शाळेच्या फाटकापाशी नको, जिन्यात नको. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत यासाठी ठरावीक जागा आणि वेळ ठरवायला सांगितलंय. आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही वाटेल त्या रस्त्यावर खाऊ घालू नका, ठरवलेल्या जागीच घाला असं म्हटलंय. त्याच आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता, जिथून उचलली तिथेच परत सोडायची आहेत. म्हणजे ती आपल्या गल्लीत राहणार आहेत. ज्याला रोज बिस्किटं घालता त्याला एकदा नसबंदीसाठी पकडून देण्याचीही मदत करा, कारण तो तुमच्याच हाताला येतो. आणि उरलंसुरलं रात्री उघड्यावर टाकू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला आणि आसपासच्या शाळा कितीतरी दिवस बंद राहिल्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. रात्री मोकळी कुत्री जिथे गोळा होतात तिथे त्याला जेवण मिळतं.

सणांना कुत्र्याला घरात, आतल्या खोलीत, पंखा लावून ठेवा. आपली गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीच्या चित्ररथांपुढे डॉल्बी असतो. माणसाची छाती हादरते तिथे त्याच्या कानांचं काय होत असेल. डोक्याला भगवा फेटा बांधून कुत्र्याला मिरवणुकीत आणणाऱ्यांनो, तो मावळा झालेला नाही, तो पळायला वाट शोधतोय. दिवाळीत दर वर्षी फटाक्यांना भिऊन पळालेली कुत्री सापडत नाहीत. पट्ट्यावर फोन नंबर लिहायला दहा रुपयांचा मार्कर पुरतो.

कुत्रा न पाळणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, पण पत्र त्यांना नाही, म्हणून आटोपतं घेते. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी विचारा. मुलांना दगड मारू देऊ नका, यूक-यूक करून चिथवू देऊ नका. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, हात छातीशी घेऊन स्थिर उभे राहा, डोळ्यांत डोळे घालू नका. अपार्टमेंटच्या कमिटीवाल्यांनी लक्षात घ्यावं की कुत्रा पाळायलाच बंदी किंवा लिफ्ट वापरायला बंदी असा ठराव करता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच तसं कळवलंय. पण त्याच कागदात मालकांना घाण उचलण्याचंही सांगितलंय, तो परिच्छेद मालक कमिटीला वाचून दाखवत नाहीत.

आपल्या घरांत दत्ताचा फोटो असतो, पायाशी चार कुत्री. पौर्णिमेला आपण नरसोबाच्या वाडीला जातो, मंगसुळीच्या खंडोबाला जातो, तिथेही देवाबरोबर कुत्रा आहेच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले असं कीर्तनात ऐकतो. आपल्या गल्लीत धावणं उलट आहे: कुत्रा पुढे नसतो, मागे असतो, आणि पुढे धावणाऱ्याच्या हातात वाटी नसून दुधाचा कॅन असतो.

बोलण्यावर थांबायचं नसेल तर दोन-तीन कामं आपण मिळून करू शकतो. मैदानाच्या एका कोपऱ्याला जाळी मारून कुत्र्यांना मोकळं सोडायला जागा द्या, असा अर्ज महापालिकेकडे करू. त्यावर कुत्रेवाल्यांइतक्याच कुत्र्यांना भिणाऱ्यांच्याही सह्या घेऊ, कारण जाळी त्यांच्याही फायद्याची. ती होईपर्यंत सगळ्या मैदानांवर दोरी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात आपापल्या गल्लीतल्या पशुवैद्यांना गाठून पाळीव आणि ओळखीच्या मोकाट, दोन्ही कुत्र्यांचं लसीकरण एकाच दिवशी करून घेऊ. वर्गणी गणपतीला जमते तशी याला जमायला हरकत नाही, कमीच लागेल. अर्जाचा मसुदा मी कन्नड आणि मराठी दोन्हींत करून ठेवलाय. रविवारी सकाळी सात ते आठ व्हॅक्सिन डेपोच्या मुख्य फाटकापाशी तो घेऊन उभी असेन. तांबू बरोबर असेल, दोरीत. हात लावायचा असेल तर आधी मला विचारा. अनोळखी माणसाने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही.

आपली,
हिंदवाडीतली एक कुत्रेवाली